हीटरच्या रॉडवरचा पापुद्रा

लातूरच्या ट्यूशन एरियात भाड्याच्या खोल्या करून राहणाऱ्या मुलांकडं हिवाळ्यात सकाळी गेलं, तर एक वस्तू हमखास दिसते. कोपऱ्यात पाण्याची बादली, बादलीत सोडलेला हीटर आणि त्याच्या रॉडवर पांढऱ्या, खरबरीत थराचं कवच. मूळचा चकचकीत धातू शोधावा लागतो. त्याच खोलीत टेबलावर अकरावीचं रसायनशास्त्राचं पुस्तक रासायनिक बंधांच्या धड्यापाशी उघडलेलं असतं. मुलगा पाठ करत असतो : कॅल्शियमच्या बाह्यतम कक्षेत दोन इलेक्ट्रॉन, ऑक्सिजनला दोन कमी. नांदेडच्या क्लासेसच्या गल्ल्यांमध्येही हेच चित्र. धडा पुस्तकात आहे तसा रॉडवरही आहे, पण रॉडकडं बोट दाखवून तो सहसा कुणी शिकवत नाही. मला ही फार मोठी हुकलेली संधी वाटते.

हीटरची पिन काढून ठेवा. रॉड गार झाला की नखानं एक पापुद्रा खरवडून बशीत घ्या आणि त्यावर लिंबाचे दोन-चार थेंब पिळा. फस्स करून बारीक बुडबुडे येतात. थोडं निरखून पाहिलं, तर बुडबुडे पापुद्र्याच्या भेगांतून एकामागून एक निघताना दिसतात आणि पापुद्रा कडेकडेनं झिजत जातो. अजून लिंबू पिळत राहिलं, तर बराचसा विरघळून जातो. ज्याला आपण घरात ‘क्षार साचले’ म्हणतो, तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतो. पानात लावलेल्या चुन्याचा वाळलेला डाग आणि शेतात नांगराला लागणारी चुनखडी, ही त्याचीच भावंडं.

एक ग्रॅम पापुद्र्यात कॅल्शियमचे कण किती असतात? ६ लिहून पुढं २१ शून्यं मांडायची, इतके. अणूचा आकार असा की एक कोटी अणू एका रांगेत लावले, तर रांग जेमतेम काही मिलिमीटर होईल. तेवढ्याशा अणूतही बहुतेक जागा मोकळीच. कॅल्शियमचा एक अणू लातूरच्या गंज गोलाईच्या गोल चौकाएवढा केला, तर त्याचं केंद्रक मधोमध ठेवलेल्या मोहरीच्या दाण्याएवढं भरेल. त्या दाण्यात अणूचं जवळजवळ सगळं वजन आणि २० प्रोटॉन. बाकीच्या गोलाईत २० इलेक्ट्रॉन. वस्तूंचे गुण, त्यांचं जुळणं आणि तुटणं हा सगळा व्यवहार या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचा. केंद्रक त्यात बदलत नाही.

इथं एक शब्दांचा घोळ सांगून टाकतो, कारण आपल्या भागात मुलं मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू आणि सेमी-इंग्रजी यांच्या मधोमध वाढतात. मराठीत ‘अणू’ म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण आणि अणू जोडून झालेला तो ‘रेणू’. हिंदी पुस्तकांत पहिल्याला ‘परमाणु’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘अणु’. म्हणजे एकच शब्द सीमेच्या अलीकडं एक आणि पलीकडं दुसरा. हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास करणारं हुशार पोरगंसुद्धा इथं अडखळतं, आणि आपल्याला विषयच जमत नाही असं समजून बसतं. दोष त्याचा नसतो.

तर कॅल्शियम. मुळात हा धातू आहे, रुपेरी आणि सुरीनं कापता येईल इतपत मऊ. हम्फ्री डेव्ही यांनी लंडनमध्ये १८०८ साली विजेच्या साहाय्यानं तो पहिल्यांदा वेगळा काढला. जॉन डाल्टन यांच्या अणुसिद्धांताचं पुस्तकही त्याच वर्षी आलं. धातूच्या रूपात कॅल्शियम पाण्यात टाकला, तर हायड्रोजन वायू फसफसत निघतो. मग बोअरच्या पाण्यात तो गपगुमान कसा असतो? कारण तिथं तो धातू म्हणून नसतोच. त्याच्या २० इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, ८, २ अशी. शेवटचे दोन निघून गेले की उरतो दोन धनप्रभार असलेला कण, म्हणजे कॅल्शियमचा आयन. अणू आणि आयन यांच्यात फरक फक्त दोन इलेक्ट्रॉनांचा, पण वागणं पार निराळं. मिठाचंही तसंच. सोडियम धातू पाण्यावर पेट घेतो, क्लोरीन वायू विषारी, आणि दोघांचे आयन एकत्र आले की आपण ते चिमटीनं भाजीत टाकतो.

अणूंना आठ इलेक्ट्रॉनांची ‘आवड’ असते, कॅल्शियम दोन इलेक्ट्रॉन ‘आनंदानं’ देतो, असं वर्गात सांगतात. लक्षात ठेवायला ते सोपं जातं. पण खरं तर इलेक्ट्रॉन काढून घ्यायला ऊर्जा खर्चावी लागते, कुठलाही अणू तो फुकट सोडत नाही. तो खर्च भरून निघतो पुढं : धन आयन आणि ऋण आयन एकमेकांना खेचून जवळ येतात, रांगा धरून बसतात, तेव्हा ऊर्जा बाहेर पडते. घेतलं त्याहून जास्त परत आलं की व्यवहार टिकतो. हाच आयनिक बंध. पापुद्र्याचा कडकपणा या ओढीतून येतो, आणि त्याचा ठिसूळपणाही. नखाच्या जोरानं रांग जराशी सरकली की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतं, एकमेकांना ढकलतात आणि तुकडा उडतो.

कॅल्शियमनं सोडलेले ते दोन इलेक्ट्रॉन जातात कार्बोनेटकडं. कार्बोनेट म्हणजे मध्ये एक कार्बन आणि भोवती सारख्या अंतरावर तीन ऑक्सिजन. इथली जोडणी वेगळ्या जातीची. कार्बन आणि ऑक्सिजन इलेक्ट्रॉन देत-घेत नाहीत, सामाईक ठेवतात. दोन घरांच्या मधल्या भिंतीवर दोघांचीही मालकी असावी, तसं. याला सहसंयुज बंध म्हणतात. सामाईक इलेक्ट्रॉनांच्या जोडीमुळं अणू जोडले जातात, ही कल्पना गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली. पापुद्रा नुसत्या पाण्यात विरघळला, की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना सोडतात, पण कार्बोनेटमधले चार अणू सुटे होत नाहीत. एकाच पापुद्र्यात दोन प्रकारचे बंध असतात, आणि धड्यात ते दोन वेगळ्या पानांवर शिकवतात.

पाणीसुद्धा सहसंयुज बंधांचंच. एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन, पण सरळ रेषेत नाहीत. मधला कोन १०४.५ अंशांचा. ऑक्सिजन सामाईक इलेक्ट्रॉन आपल्याकडं जास्त ओढून धरतो. त्यामुळं रेणूची ऑक्सिजनची बाजू थोडी ऋण होते, हायड्रोजनची बाजू थोडी धन. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडं ओढला जातो. हा हायड्रोजन बंध सहसंयुज बंधापेक्षा पुष्कळ दुबळा, पण त्याचा प्रताप मोठा. हायड्रोजन सल्फाइडची घडण पाण्यासारखीच, रेणू पाण्याहून जड, तरी तो उणे ६० अंशांनाच उकळून वायू होतो. पाणी १०० अंशांपर्यंत द्रव राहतं ते या बंधांमुळं. मे महिन्यात बेचाळीस अंशांत माठात पाणी राहतं, त्यामागं हे आहे.

पाण्याच्या या दोन टोकांमुळंच क्षार त्यात विरघळतात. कॅल्शियमचा आयन पाण्यात आला की सहा ते आठ रेणू आपली ऑक्सिजनची बाजू आत करून त्याच्याभोवती कोंडाळं करतात. तरीही शुद्ध पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट फारच थोडं विरघळतं, लिटरला पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास. दोन धन आणि दोन ऋण प्रभारांची पकड सोडवणं पाण्याला जड जातं. मग आपल्या बोअरच्या पाण्यात ते शेकडो मिलिग्रॅम कसं येतं?

त्यासाठी जमिनीखाली उतरावं लागेल. लातूर आणि नांदेडचा बराच भाग दख्खनच्या बसॉल्टवर वसलेला आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीत शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतलं, तेव्हा तिथं बसॉल्टची जाडी सुमारे ३४० मीटर, म्हणजे अकराशे फुटांच्या वर भरली. या काळ्या खडकात सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा सांगाडा आहे, आणि सांगाड्याच्या खोबणीत कॅल्शियम, सोडियमचे आयन बसलेले आहेत. पाऊस पडतो, माती ओली होते. मातीत मुळं आणि जिवाणू श्वास सोडतात, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो पाण्यात मिसळला की सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होतं. हे आम्ल इतकं हलकं, की सोड्याची बाटली आपण सहज पितो. पण त्याच्यापाशी वेळ भरपूर असतो. ते खडकातल्या कॅल्शियमला हळूहळू मोकळं करतं आणि स्वतः बायकार्बोनेट होऊन त्याच्यासोबत वाहू लागतं. बायकार्बोनेट म्हणजे एक हायड्रोजन चिकटलेलं कार्बोनेट. त्याच्यावर दोनाऐवजी एकच ऋणप्रभार. पकड ढिली झाली, म्हणून हे कॅल्शियम पाण्यात सुखानं राहतं.

पाणी खडकात जितकं जास्त काळ मुरतं, तितके क्षार साधारणपणे वाढतात. दुष्काळाच्या वर्षांत बोअर खोल खोल गेले, सातशे-आठशे फुटांच्याही खाली, आणि पाण्याची चव मचूळ होत गेली, ती यामुळं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाणी घेऊन ‘जलदूत’ ही रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा टँकरांतून पाच लाख लिटर, नंतर पन्नास टँकरांतून २५ लाख लिटर. ते कृष्णेचं पाणी होतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा; दुसरा स्रोत नसेल, तर ६०० पर्यंत चालतो. हा आकडा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मोजतात. आता गणित करा. ६०० मिलिग्रॅम कठीणपणाचं बोअरचं पाणी २५ लाख लिटर घेतलं, तर त्या एका रेल्वेभर पाण्यात दीड टन चुनखडीएवढा ऐवज विरघळलेला असेल, आणि डोळ्यांना त्यातलं काहीच दिसणार नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ.

अशा पाण्याला आपण ‘जड पाणी’ म्हणतो. पुस्तकात त्याला कठीण किंवा दुष्फेन पाणी म्हणतात, कारण अणुभट्टीत वापरतात ते ‘जड पाणी’ ही निराळीच चीज आहे. दुष्फेन हा शब्द मला आवडतो. फेस न होणारं. साबणाच्या रेणूला लांब शेपूट असतं, ते तेलकट मळात शिरतं, आणि ऋणप्रभाराचं डोकं पाण्याकडं राहतं. सोडियमच्या सोबतीनं साबण विरघळतो. कॅल्शियम मध्ये आला की तो दोन प्रभारांनी साबणाची दोन डोकी एकदम पकडतो आणि न विरघळणारा चिकट साका करतो. बादलीच्या कडेला राखाडी वलय उरतं, केस चिकट राहतात, वडी भराभर झिजते. आजी रिठ्यानं न्हाऊ घालायची, त्यामागं कारण होतं. रिठ्यातल्या फेस करणाऱ्या रेणूंचा पाण्याकडचा भाग साखरेच्या साखळ्यांचा असतो, साबणासारखं प्रभाराचं डोकं त्यांना नसतं. कॅल्शियमला धरायला तिथं काही सापडत नाही. जड पाण्यातही रिठ्याचा फेस होतो.

आता परत हीटरकडं. पाणी तापलं की दोन बायकार्बोनेटांपैकी एक आपला हायड्रोजन दुसऱ्याला देऊन टाकतं. देणारं पुन्हा कार्बोनेट होतं, दोन ऋणप्रभारांचं, आणि कॅल्शियमला घट्ट धरून रॉडवर बसतं. घेणारं फुटून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, वायू उडून जातो. सगळ्यात गरम जागा रॉडची, म्हणून थर तिथंच. तो उष्णता सहजी जाऊ देत नाही. त्यामुळं आतली कॉइल जास्त तापते, वीज जास्त लागते आणि एक दिवस कॉइल जाते. लिंबाच्या थेंबानं झालं ते याच्या उलट : आम्लानं कार्बोनेटला हायड्रोजन परत दिले आणि वायू सुटला. बशीतल्या त्या बुडबुड्यातला कार्बन कधीतरी एखाद्या तुरीच्या मुळानं मातीत सोडलेला असू शकतो.

सगळा कठीणपणा उकळून जात नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जोडीला सल्फेट किंवा क्लोराइड असेल, तर कितीही उकळा, ते जागचं हलत नाही. त्याला मिठाच्या पाण्यानं ताजं होणारं सॉफ्टनर लागतं किंवा आरओ. बोअर घेतला की पाणी एकदा तपासून घ्यावं, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो. नुसत्या चवीवर भरवसा ठेवू नये.

आणि याचं कारण नांदेड जिल्ह्यात आहे. देगलूर, मुखेडकडं जाताना काळा बसॉल्ट संपत जातो आणि गोल, तांबूस-करडे ग्रॅनाइटचे दगड एकावर एक रचल्यासारखे दिसू लागतात. जमीन बदलली, म्हणजे पाणीही बदललं. ग्रॅनाइटमधल्या काही खनिजांत फ्लोरिन असतं. त्याच्या अणूत नऊ इलेक्ट्रॉन, मांडणी २, ७. एकच कमी. तो मिळाला की झाला फ्लोराइड आयन. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांच्या पाण्यात हा फ्लोराइड मर्यादेबाहेर आढळला आहे. मर्यादा लिटरला एक मिलिग्रॅम, फार तर दीड. त्यापुढं वर्षानुवर्षं प्यायलं, तर मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात आणि पुढं सांधे, पाठीचा कणा आखडतो. चवीत, वासात, रंगात काहीच कळत नाही. कित्येकदा असं पाणी हलकं, गोड लागतं, साबणाला फेसही छान येतो. कारण एक कॅल्शियम दोन फ्लोराइडांना धरून कॅल्शियम फ्लोराइड करतो, आणि ते पाण्यात फारसं विरघळत नाही. जिथं कॅल्शियम भरपूर, तिथं फ्लोराइड फार वाढू शकत नाही. जिथं कॅल्शियम कमी, तिथं त्याला अडवणारं कुणी उरत नाही. हाडं आणि दातही कॅल्शियमचेच असल्यामुळं फ्लोराइड तिथं जाऊन बसतो. आपण ज्याला शिव्या देतो, तो रॉडवरचा कॅल्शियम इथं राखणदार असतो.

नागपूरच्या नीरी संस्थेनं १९७० च्या दशकात फ्लोराइड काढायची पद्धत बसवली. तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्यावरून तिला नलगोंडा तंत्र म्हणतात. पाण्यात चुना आणि तुरटी ढवळायची, पांढरे पुंजके तयार होतात, फ्लोराइड त्यांना धरून तळाशी जातो, वरचं पाणी गाळून घ्यायचं. तुरटी आपल्याला नवी नाही. टँकरच्या गढूळ पाण्यात तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवला की तासाभरात पाणी निवळतं. काळ्या मातीच्या कणांवर ऋणप्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. तुरटीतला ॲल्युमिनियम तीन धनप्रभारांचा. तो हे ढकलणं थांबवतो आणि कण एकत्र होऊन बसतात.

आता वरण, कारण बोअरच्या पाण्याची तक्रार सर्वांत जास्त तिथंच ऐकू येते. लातूरची बाजारपेठ तुरीसाठी राज्यात नावाजलेली, डाळमिलाही तिथंच, आणि त्याच गावात ‘डाळ शिजेना’ म्हणून कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त कराव्या लागतात. डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिन नावाच्या डिंकामुळं. पेक्टिन म्हणजे साखरेसारख्या घटकांची सहसंयुज बंधांनी जोडलेली लांब साखळी, आणि तिच्यावर जागोजागी ऋणप्रभार. दोन धनप्रभारांचा कॅल्शियम एका हातानं ही साखळी धरतो, दुसऱ्या हातानं शेजारची. साबणाची दोन डोकी धरली, तशीच ही करामत. असे हजारो पूल बांधले गेले की डिंक सुटत नाही, डाळ फुटते पण मोडत नाही, वरणात कण्या लागतात आणि वर पाणी वेगळं राहतं.

म्हणून बाया डाळीत चिमूटभर खायचा सोडा टाकतात. तो दोन कामं करतो : पाणी अल्कधर्मी करून पेक्टिनच्या साखळ्या लवकर तोडतो, आणि काही कॅल्शियमला कार्बोनेट करून बाजूला काढतो. पण अल्कधर्मी पाण्यात ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून रोज सोडा टाकण्याच्या मी विरुद्ध आहे. त्यापेक्षा पाणी आधी खळखळून उकळावं, गार होऊ द्यावं, तळाचा पांढरा गाळ न हलवता वरचं ओतून घ्यावं. त्यात मीठ घालून डाळ दोन-तीन तास भिजत ठेवली, तर मिठातले सोडियमचे आयन काही कॅल्शियमच्या जागा घेतात. सोडियमला प्रभार एकच, त्याला पूल बांधता येत नाही. ते पाणी टाकून द्यावं आणि उकळून निवळलेल्या दुसऱ्या पाण्यात डाळ शिजवावी. चिंचेचा कोळ मात्र डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच. आंबट पाण्यात पेक्टिनच्या साखळ्या लवकर तुटत नाहीत, आणि कोळ आधी पडला तर डाळ तशीच टणक राहते.